तसबिरीची तार
तसबीर भिंतीवर टांगण्यासाठी चौकटीच्या मागे आडवी बांधलेली तार किंवा दोरी. चौकटीच्या उभ्या पट्ट्यांवर, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन कड्या स्क्रूने बसवतात. कड्या जितक्या खाली, तितकी तसबीर पुढे झुकते. खरी मदार गाठीवर. पीळदार तारेचे टोक कडीतून ओवून, मुख्य तारेमागून वळवून पुन्हा कडीत घालतात, फास आवळतात आणि उरलेले टोक तारेभोवती घट्ट गुंडाळतात. नुसता पीळ भाराने सरकतो. तार ताठ ओढण्याचा मोह मात्र महागात पडतो: आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन असता प्रत्येक बाजूवर तसबिरीच्या वजनाइतका ताण येतो, 10 अंशांवर जवळजवळ तिप्पट. नायलॉनची दोरी हळूहळू लांबते. जड तसबिरीला दोन खिळेच बरे.