मदत कुणाच्या हाती पडते?

१९८४ च्या अखेरीस इथिओपियाच्या दुष्काळाची छायाचित्रे आपल्या वर्तमानपत्रांत येऊ लागली. मी तेव्हा शाळेत होतो. हाडांचे सापळे झालेली ती मुले पाहून मी एक कविता लिहिली. गुरुजींनी ती फळ्यावर लिहून घेतली. माझी ती पहिली शाबासकी! आज ती वही उघडली की संकोच वाटतो. त्या कवितेत भूक होती, कोरडे आभाळ होते. युद्ध मात्र नव्हते.

जगानेही तो दुष्काळ असाच पाहिला. नैरोबीचे कॅमेरामन मोहम्मद अमीन यांनी कोरेमच्या छावणीत टिपलेली दृश्ये २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर दिसली आणि लोक हळहळले. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड'च्या मैफली झाल्या, पैसा जमला, धान्य पोचले. त्या धान्याने असंख्य जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मेंगिस्तू हैले मरियम यांची लष्करी राजवट तेव्हा तिग्राय आणि एरित्रियातील बंडखोरांशी लढत होती. पाऊस रुसला होताच, त्यात युद्धाने बाजार आणि रस्तेही बंद पाडले. सरकारने उत्तरेतील लाखो माणसे दक्षिणेकडे हलवली, अनेकांना बळजबरीने. वाटेत आणि नव्या वसाहतींत हजारो मेले. त्याविरुद्ध बोलणाऱ्या 'मेदसाँ साँ फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संघटनेच्या फ्रेंच पथकाला डिसेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर काढण्यात आले.

मग मदत तारते की मारते? असे सरसकट विचारले की उत्तर हमखास चुकते. मदत कुणाच्या हाती पडते आणि त्याला हिशेब कोण विचारतो, हे आधी पाहायला हवे.

झैरमध्ये मोबुटू १९६५ ते १९९७ सत्तेवर होते. शीतयुद्धात ते आपल्या बाजूला हवेत म्हणून पाश्चात्त्य देशांनी त्यांना सांभाळले. त्यांनी आपल्या गबादोलीत गावी महाल बांधले, कॉन्कॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी केली. देशातले रस्ते मात्र जंगलाने गिळले. उलट बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांत मोडत होता. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या अनुदानावर चाले. पुढे हिरे सापडले. त्या पैशांतून शाळा, दवाखाने झाले आणि काही वर्षांतच त्या अनुदानाची गरज संपली.

एड्सच्या औषधांची हकीकत तर आपल्या मुंबईपर्यंत येते. २००० च्या सुमारास या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या रुग्णाला तो झेपणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये 'सिप्ला'च्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला; तोही वर सांगितलेल्या डॉक्टरांच्याच संघटनेला. औषधाच्या उत्पादनावर पेटंट न देणारा आपला तेव्हाचा कायदा कामी आला. २००२ मध्ये बोट्स्वानाने रुग्णांना मोफत औषधे द्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची 'पेपफार' योजना जाहीर केली. त्या योजनेने अडीच कोटी जीव वाचवले, असा अमेरिकी सरकारचा अंदाज आहे. इथे मदत मोजता येत होती. किती रुग्णांना गोळ्या मिळाल्या, किती बाळे निरोगी जन्मली, याची नोंद दवाखान्यात होती.

पण देणाऱ्याचा हात आखडला तर? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली आणि १ जुलै २०२५ रोजी 'यूएसएड' ही संस्थाच मोडीत काढली. अनेक देशांत दवाखान्यांना टाळी लागली, आरोग्यसेवकांचे काम गेले. दक्षिण आफ्रिका आपल्या औषधांचा बहुतेक खर्च स्वतःच करते, म्हणून तिथे निदान गोळ्यांचा पुरवठा पुरता तुटला नाही. तरी तपासणीला लोकांना घेऊन येणारे, घरोघरी जाणारे कार्यकर्ते तिथेही घरी बसले.

त्या वहीतली कविता मी खोडणार नाही. शाळकरी पोराची कळकळ खरी होती. मात्र आज लिहायची झाली तर कोरेमच्या मुलाशेजारी मी दवाखान्यातली ती नोंदवही ठेवीन. आज गोळी मिळालेल्या बाईला पुढच्या महिन्यातही ती मिळाली का, हे त्या वहीत पाहता येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)