ओल्या लेंडीचा माग

खारघरच्या डोंगरावर या, पण आजच्या नव्हे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली. आपल्याला तिच्याही दोन पिढ्या मागं जायचंय. चपला काढून ठेवा. पाचोळ्यावर त्या वाजतात, आणि शिकारीचा माग काढत पुढं निघालेल्या ठाकरबाबाला ते खपणार नाही.

अजून अंधार आहे. खाडीकडून ओहोटीच्या गाळाचा वास वर येतोय, त्यात राब भाजल्याचा धूर. घसा खवखवतोय, तरी खोकू नका. बाबा चिमूटभर माती हवेत सोडतो. ती तुमच्याच तोंडावर येते. वारा समोरचा आहे. जनावराला तुमचा वास लागणार नाही.

कारवीतल्या वाटेवर कोळ्याचं जाळं गालाला चिकटतं. बाबाचा चेहरा पडतो. जाळं शाबूत होतं, म्हणजे रात्री इथून कुणी गेलेलं नाही. वाट बदला.

ओहळापाशी पोचता तोवर फटफटलंय. पाणी आटलंय, पण एका खळग्याभोवती चिखल आहे. त्यात खूर, खुरामागं बाजूला दोन टोचे, शेजारची जमीन उकरलेली. ‘डुक्कर,’ बाबा पुटपुटतो आणि पुढं जातो.

काटेसावरीखाली तांबड्या फुलांचा सडा पडलाय. काही फुलं अर्धवट खाल्लेली. मऊ मातीत पुढं निमुळता होणारा बारका खूर. भेकर! आणि जरा बाजूला काळ्या लेंड्यांचा छोटा ढीग.

वाका. किळस करू नका. वाटाण्याएवढी एकेक. शेरडाची लेंडीही अशीच दिसते, पण शेरडं कळपानं चालत वाटभर लेंड्या सांडतात, आणि एवढ्या वर ती अजून आलेलीच नाहीत. बाबा एक लेंडी उचलून चिमटीत चिरडतो. वरून चकचकीत, आत हिरवट, ओलसर. आंबूस पाल्याचा वास तुमच्याही नाकात शिरतो. फाल्गुनातलं ऊन दुपारपर्यंत वरची चकाकी घालवतं, मग लेंडी फिकी पडते, तडकते. ही पहाटेचीच. मला बाबाच्या डोळ्यांपेक्षा त्या दोन बोटांचं कौतुक जास्त वाटतं: कोण आलं, कधी आलं, काय खाल्लं, सगळं तिथं कळतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज ही शिकार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण प्राणिगणनेत वनरक्षक आजही लेंड्या मोजत फिरतात, विद्या तीच.

तुमच्या पायाखाली काटकी मोडते. वरच्या झाडीतून कुत्र्यासारखं खणखणीत भुंकणं येतं, पुन्हा येतं. भेकरानं तुम्हाला ओळखलं. ‘लांब नाय जायाचा त्यो,’ बाबा म्हणतो आणि माघारी वळतो.

उतरताना कातळ तळवे भाजतो. वाडीत सगळा गलका: कुत्री तुमचे पाय हुंगतायत, पोरं काठ्यांसाठी भांडतायत, घामाचा आणि तंबाखूचा वास दाटलाय. बाबा जमिनीवर खडे मांडतो. हा ओहळ, ही सावर, इथं ठासणीची बंदूक घेऊन एकजण. बाकीचे खालून रान उठवणार. हाक्याला आलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो, तुम्हालाही मिळेल. हा घ्या पत्र्याचा डबा. बाबानं इशारा केला की बडवायला लागा, आणि ओरडा, जोरात!