मेळ्याचं पद कोणी बांधायचं?

मंडळी, पत्रिकेत विषय जरा लांबलचक छापला आहे. 'मुलांच्या आणि तरुणांच्या वाद्यवृंदांसाठी, गायनवृंदांसाठी तरुण रचनाकारांकडून नव्या रचना करून घेणे.' हे वाचून कुणालाही वाटेल, हे युरोपातलं काहीतरी असणार. आपल्याकडे गाणं म्हणजे गुरूनं दिलेली चीज. ती घासायची, पुन्हा घासायची, नवी मागायची नाही. आमचं म्हणणं असं की हे आपल्याकडे झालेलं आहे, आणि इतकं झालं आहे की त्यापायी एक माणूस काळ्या पाण्यावर गेला. आज मुख्यतः त्याच इतिहासाबद्दल बोलू.

सार्वजनिक गणेशोत्सव 1893-94 च्या सुमारास उभा राहिला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यातलं एक अंग मात्र आता विस्मरणात गेलं आहे, ते म्हणजे मेळे. पुण्यात 1894 पासून, आणि पाठोपाठ नाशकात, मुंबईत, लहान-मोठ्या गावांत मेळे निघू लागले. मेळा म्हणजे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त मुलांचा संच. सारख्या पोशाखाची, हातात टिपऱ्या किंवा लेझीम घेतलेली शाळकरी आणि कॉलेजातली मुलं एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे जायची आणि पदं म्हणायची. पुढच्या काळात मुलीही आल्या, पेटी आली, संवाद आले. आमच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की मेळ्याला दरवर्षी नवी पदं लागत. गेल्या वर्षीचं पद यंदा म्हटलं की लोक हसत. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे मेळ्याचे चालक एखाद्या होतकरू कवीला गाठत, त्याच्याकडून पदं बांधून घेत, मग तालमी सुरू होत. पदांच्या पुस्तिका छापून स्वस्तात विकल्या जात.

त्या पुस्तिकांमध्ये प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द असे आणि पुढे एखाद्या नाटकातल्या पदाची नाहीतर लावणीची सुरुवात. म्हणजे शब्द नवे आणि चाल आयती. किर्लोस्कर मंडळींच्या नाटकांनी चालींचं भांडार गावोगाव पोचवलं होतं, मेळ्यांनी त्यातून पाहिजे ते उचललं. मुलांना चाल आधीच ठाऊक, त्यामुळे शब्द पाठ केले की काम झालं. ही सोय मोठी होती. पण मेळ्याच्या मुलांकडे नवं संगीत असं फारसं आलंच नाही, हेही तिथेच ठरून गेलं.

इथे आमचा जुना धंदा आड येतो, म्हणून जरा प्लेटोकडे वळतो. 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात सॉक्रेटिस होमरचा दाखला घेतो: माणसांना सगळ्यात नवं गाणं आवडतं. आणि लगेच बजावतो की याचा अर्थ नवं गाणं असाच घ्या, गाण्याची नवी रीत असा घेऊ नका. कारण संगीताची रीत बदलली की राज्याचे मोठे कायदे हलल्याशिवाय राहत नाहीत. चाळीस वर्षं हा उतारा वर्गात शिकवताना पोरं विचारायची, सर, सुरांनी राज्य कसं हलतं? मेळ्यांचा इतिहास पाहिला तर गंमत दिसते. मेळेवाल्यांनी प्लेटोची अट अगदी पाळली. रीत जुनी ठेवली, गाणं तेवढं नवं केलं. तरी राज्य हललं. आता ते शब्दांनी हललं की वीस पोरं एका लयीत रस्त्यावरून चालली म्हणून हललं, यावर वाद घालता येईल. आमचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

नाशिकचं उदाहरण सगळ्यात बोलकं. 1900 साली विनायकराव सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे मित्रमेळा काढला. सावरकर तेव्हा सतरा वर्षांचेही नव्हते. त्याच भागात गोविंद त्र्यंबक दरेकर नावाचा तरुण राहत असे, लोक त्याला आबा म्हणत. जन्म 1874 चा, म्हणजे पंचविशीतला. पायांनी अधू. हा लावण्या रचायचा, आणि चांगल्या रचायचा. मित्रमेळ्याच्या पोरांनी त्याला आपल्यात ओढलं आणि सांगितलं, आमच्यासाठी लिही. बस, एवढंच. लावणीवर पोसलेला कान, यमकाची पक्की बैठक, आणि समोर गाणारी पोरं. त्यातून स्वातंत्र्यकवी गोविंद तयार झाले. आम्हाला या गोष्टीत विशेष वाटतं ते हे की कुणी त्यांना 'आधी लावणी सोड, शुद्ध हो, मग ये' असं म्हणत बसलं नाही. जी कारागिरी होती तीच कामाला लावली. सावरकरांनी स्वतःही विशीच्या आसपास सिंहगडाचा आणि बाजी प्रभूचा पोवाडा रचला.

पुढचं आपल्याला माहीत आहे. 1909 साली बाबाराव सावरकरांवर खटला झाला तो कवितांच्या पुस्तिकेबद्दल. गोविंदांच्या कविता त्यात होत्या. शिक्षा झाली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची, आणि मालमत्ता जप्त. लक्षात घ्या, शिक्षा छापणाऱ्याला झाली, म्हणजे कवीला पुढे आणणाऱ्याला, गाणं लोकांपर्यंत पोचवणाऱ्याला. इंग्रज सरकारला एक गोष्ट नेमकी कळली होती: गाणं मागणारा हा गाण्याइतकाच जबाबदार. 1910 च्या सुमारास मेळ्यांवरही निर्बंध कडक झाले.

आता याच नाण्याकडे जरा कठोरपणे पाहायला हवं. 1893 च्या मुंबईच्या दंग्यानंतरचे ते दिवस. 1894 च्या मेळ्यांतल्या काही पदांत हिंदूंनी ताबुतात जाऊ नये असा रोख होता, शेजारच्या मुसलमानाबद्दल कडवट शब्द होते, आणि ते बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडी होते. पुढे 1920 नंतर पुण्यात एका बाजूला टिळकपंथी सन्मित्र समाजाचा मेळा आणि दुसऱ्या बाजूला केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा असा सामना रंगला. ब्राह्मणेतरांच्या मनातला राग खरा होता, त्याला कारणंही होती. पण पदांतून दोन्हीकडून एकमेकांचे वाभाडे निघाले आणि प्रकरण हातघाईवरही आलं. मेळ्याची ताकद होती ती अशी. मुलाला जे गायला द्याल ते त्याच्या अंगात भिनतं. ऍरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात म्हटलं आहे की मुलांनी लहानपणी स्वतः गावं-वाजवावं, म्हणजे मोठेपणी त्यांना बऱ्या-वाईटाची पारख येईल. बरोबर आहे, पण मुलाच्या हाती रचना देणारा मोठा माणूस ही पारख आधी शिकलेला असावा लागतो. आमच्या मेळ्यांत तो कधी होता, कधी नव्हता.

मेळ्यांच्या जोडीनं जलसे आले. सत्यशोधकांचे जलसे, आणि 1930 नंतरच्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, आणि 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहून देणारे पु. ल. देशपांडे. हे सगळं तरुणांनी तरुणांसाठी, मागणीवरून, तारीख ठरवून केलेलं काम आहे. 'प्रेरणा आली की लिहीन' असं म्हणण्याची सोय यात कुणालाच नव्हती. आमच्याकडच्या साहित्यचर्चेत मागणीवरून लिहिणं हे जरा कमी प्रतीचं मानतात. आम्हाला ते कधी पटलं नाही. देवळातला मूर्तिकार मागणीवरूनच मूर्ती घडवतो.

युरोपातलं एकच उदाहरण घेऊ, कारण ते मोजमापासकट उपलब्ध आहे. व्हेनिसमध्ये पिएता नावाचा अनाथाश्रम होता, तिथल्या मुलींचा वाद्यवृंद सगळ्या युरोपात गाजलेला. 1703 साली तिथे व्हायोलिन शिकवायला एक पंचवीस वर्षांचा पाद्री लागला, आंतोनियो विवाल्डी. कारभाऱ्यांचं मंडळ मतदान करून त्याला ठेवायचं की नाही ते ठरवायचं, आणि 1709 मध्ये त्याला चक्क काढूनही टाकलं होतं. पुढे परत घेतलं. 1723 साली करार झाला: महिन्याला दोन कंचेर्तो, प्रत्येकाला एक सोन्याचं नाणं, आणि गावात असला तर प्रत्येक रचनेच्या तीन-चार तालमी स्वतः घ्यायच्या. आम्हाला त्या तालमींच्या कलमाचं फार कौतुक आहे. रचना कागदावर लिहून धाडून दिली आणि संपलं, असं नाही. कुणाची बोटं कुठे अडखळतात ते रचनाकारानं समोर बसून पाहायचं. विवाल्डीच्या कितीतरी रचना त्या मुलींच्या बोटांनी घडवलेल्या आहेत, असं म्हटलं तरी चालेल.

मग आपल्याकडे नव्या चालीची मागणी का झाली नाही? एक कारण लिपी. विवाल्डीकडे स्वरलिपी होती, वीस जणींच्या हातात वीस कागद देता येत. आपल्याकडे बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी 1886 साली संगीतशाळा काढली, स्वरलिपीवर शिकवलं. पुढे पलुस्कर, भातखंडे यांनी आपापल्या लिप्या रूढ केल्या. पण त्या जुन्या चिजा जपायला वापरल्या गेल्या, नव्या रचना वाटायला फार थोड्या. गोव्यात मात्र सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांत मुलांना सुरांचे कागद वाचायला शिकवत आले. त्या शिक्षणातून आलेली माणसं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांनी 1958 साली मुंबईत सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. पण ते त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलं, त्यांच्याकडे कुणी मागायला आलं नव्हतं. ते फार दिवस टिकलं नाही यात नवल कसलं?

आणि आता आपल्या गावाकडे. वसईचा हा पट्टा दोन्ही वाटांच्या मधोमध आहे. 1739 पर्यंत इथे पोर्तुगीज होते, चर्चमधलं गाणं तेव्हापासूनचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 च्या डिसेंबरात उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लॅटिनच्या जागी लोकभाषेला वाट मोकळी झाली. मिस्सा मराठीत आली म्हणजे मराठी गाणी हवीत, आणि ती ताबडतोब हवीत! गरज आली, मागणी झाली, रचना झाल्या. पंचवीस-तीस वर्षांची माणसं पेटी घेऊन बसली आणि त्यांनी चाली लावल्या. भजनाचा ठेका, ओवीचा सूर, वर चर्चमधली दोन-तीन आवाजांची सवय. इथे शब्द आणि चाल दोन्ही नवी झाली. मेळ्यांना जे जमलं नाही ते चर्चच्या गायनवृंदांना काही प्रमाणात जमलं, हे आम्ही इथे निर्मळात उभे राहून म्हणतो, पण खूश करायला नव्हे. कारण पुढे काय झालं तेही आपल्याला दिसतं. नाताळ आला की पुष्कळ ठिकाणी तीच तीच गाणी, आणि कीबोर्डमध्ये भरून ठेवलेला ताल.

दुसरीकडे ढोल-ताशाची पथकं पाहा. त्यातली मुलंमुली दरवर्षी नवे ताल बसवतात. ही रचनाच आहे, आणि चांगली रचना आहे, पण तिच्यावर रचणाऱ्याचं नाव नसतं आणि तिला बिदागीही नसते. म्हणजे रचनाकार गावात आहेत. त्यांना रचनाकार म्हणणारं कुणी नाही.

संयोजकांनी विचारलं होतं की करायचं म्हटलं तर नेमकं काय करावं. आमचा हिशोब असा. निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते, त्यानंतर थोड्याच आठवड्यांत नाताळ. गाणारी-वाजवणारी मुलं बरीचशी त्याच आळ्यांतली, त्याच शाळांतली. तेव्हा रचना मागायची ती आषाढात, कारण तालमींना तीन महिने लागतात. रचनाकार पंचविशीच्या आतला घ्यावा, मुलगी असली तर फारच बरं. चाल आयती चालणार नाही हे आधी सांगावं. सामवेदी बोलीतल्या लग्नगीतांचा सूर ज्याच्या-जिच्या कानात असेल त्याला पहिलं विचारावं. विवाल्डीच्या करारातलं तालमींचं कलम जसंच्या तसं घालावं. शब्द कुणाला टोचणारे आहेत का, हे तालमीआधी दोन वडीलधाऱ्यांनी वाचावं, त्यातला एक दुसऱ्या धर्माचा असावा. बिदागी रोख द्यावी, मंडपवाल्याला देतो तशी आगाऊ. आणि पत्रिकेवर देणगीदारांच्या वर रचनाकाराचं नाव छापावं. देणगीदार थोडे रुसतील, पण एका वर्षात सवय होते.