पोपटी

वालाच्या कोवळ्या भरल्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि जाडे मीठ मडक्यात भरून, पाण्याचा थेंबही न घालता बाहेरच्या जाळावर शिजवण्याची रायगड जिल्ह्यातील रीत. त्या पदार्थाचेही हेच नाव. पेण, अलिबाग, कुंडलिकेकाठचे रोहा-अष्टमी या पट्ट्यात भात कापून झाल्यावर शेतातल्या ओलीवर वाल घेतात. शेंगा भरल्या की डिसेंबर ते फेब्रुवारी हा पोपटीचा हंगाम.

तळाला व कडेने पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, वांगी, अंडी किंवा केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, वर पुन्हा शेंगा. तोंडात पाला घट्ट कोंबून मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासात काम होते. मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्र होऊन लगेच उडाले की पोपटी झाली.

एवढ्या थोडक्या वेळाचे श्रेय जाळाइतकेच मांडणीला आहे. शेंगांची व पाल्याची वाफ वर चढते, पण वर मडक्याचे बंद बूड असते. तोंड खाली दाबलेले. कोंडलेली वाफ शेंगाशेंगांतून फिरते. अमेरिकी स्मोकरमध्ये याच्या उलट घडते. तिथे 110 अंश सेल्सिअसच्या आसपासची धुरकट हवा मांसावरून वाहत राहते, पृष्ठभागाचे पाणी उडते आणि त्या उडण्यानेच मांस थंड राहते. गाईच्या छातीच्या मोठ्या तुकड्याचे तापमान 65 ते 70 अंशांवर तासन्‌तास अडते. मग कंटाळून लोक तो कागदात वा फॉइलमध्ये गुंडाळतात. पोपटीत गुंडाळणे पहिल्यापासूनच आहे. अर्थात तुलना जपूनच करावी: त्या मांसातले चिवट धागे विरघळायला दहा-बारा तास लागतातच, कोंबडीच्या तुकड्यांना त्याची गरज नाही.

मडके बदलले की वेळ बदलतो. ओलसर नव्या मडक्यात आधी मातीतले पाणी उडवण्यात जाळ खर्ची पडतो, वर तडा जाण्याची धास्ती. पत्र्याचा डबा झटकन तापतो, पण कडेच्या शेंगा करपतात आणि मधला बटाटा कच्चा राहतो. पोट फार रुंद असले तरी तीच गत. म्हणून मोठ्या मंडळींसाठी एका रांजणापेक्षा दोन-तीन मडकी बरी. वाऱ्याने जाळ एकाच अंगाला झुकला तर लाकडे दुसरीकडे सारावी लागतात. आणि विस्तव ओढल्याबरोबर मडके उघडण्याची घाई करू नये: जाड माती आतला माल आणखी काही वेळ शिजवत असते.

गुजरातेत वलसाडकडचे उबाडियुं हे पोपटीचे सख्खे भावंड. घरच्या गॅसवर, कुकरमध्येही शेंगा शिजतात. मात्र भांबुर्डा मिळाला नाही तर त्याला पोपटी म्हणायला रायगडकर सहसा तयार होत नाही.