घोषणा, पूजन आणि मालकी : इंदू मिलचा धडा

ओस पडलेली इमारत बेवारस नसते. तिला मालक असतो, मालकाचा हिशेब असतो आणि त्या हिशेबात लोकांचा क्रमांक शेवटी लागतो. दादरच्या इंदू मिलचा, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६चा, इतिहास मी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो तो याच कारणासाठी.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्याचे दार बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. आणि पगार मात्र त्याच खात्यात बरा. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. त्याच गिरण्यांपैकी एक बंद पडली आणि तिच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक मागितले गेले, ही गोष्ट साधी नव्हे.

चैत्यभूमीजवळची ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. म्हणजे मालक सरकारच. दर ६ डिसेंबरला लाखोंचा समुदाय बाहेर दाटीवाटीने उभा राही. भिंतीआड साडेबारा एकरांत पडक्या शेड. अखेर ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते आत शिरले. ५ डिसेंबर २०१२ रोजी केंद्र सरकारने संसदेत जमीन देण्याची घोषणा केली. त्रिपक्षीय करार झाला एप्रिल २०१५मध्ये, भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ला. हस्तांतराची कागदपत्रे राज्याच्या हाती आली मार्च २०१७मध्ये. क्रम ध्यानात घ्यावा : आधी घोषणा, मग पूजन, शेवटी मालकी.

सरकारच्या एका हातातून दुसऱ्या हातात जमीन जायला इतकी वर्षे का लागावीत? कारण मुंबईतील जमिनी विकून महामंडळाच्या आजारी गिरण्या सावरायच्या आणि कामगारांची देणी भागवायची, असे धोरण होते. मोबदला कोण देणार, किती आणि कोणत्या रूपात, यावर गाडे अडले. तोडगा निघाला तो विकास हक्कांचा. कामगारांच्या देण्यांचा युक्तिवाद मी पोकळ म्हणणार नाही. ते घामाचे पैसे आहेत. पण याच महामंडळाची, याच दादरमधली कोहिनूर मिल क्रमांक ३ ही २००५ साली लिलावात ४२१ कोटींना गेली. तिथे हिशेब अडला नाही. बाबासाहेब १९२१-२२मध्ये ज्या लंडनच्या घरात राहिले, ते विक्रीला निघाल्यावर राज्य सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटनही झाले. तिथे विकणारा घाईत होता, म्हणून सरकारही घाईत. इथे देणारे आणि घेणारे दोन्ही सरकार. घाई फक्त लोकांना होती.

माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घरात वाढलेल्याला ताबा आणि मालकी यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे इतकेच : रिकामी वास्तू मागताना टाळ्या घोषणेला वाजवू नका. उतारा कोणाच्या नावावर आहे, मोबदला कोण देणार आणि ताब्याची तारीख कोणती, हे तीन प्रश्न पहिल्याच निवेदनात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.