'ओ' दिसणारे, पण 'ओ' नसलेले : बॉम्बे रक्तगटाचा शोध

#इतिहास #थ्रेड

मे १९५२. लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखकांत पहिले नाव वाय. एम. भेंडे यांचे, पाठोपाठ सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. हे तिघे परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातले, म्हणजेच के. ई. एम. रुग्णालयातले. रक्तगटांचे शास्त्र तेव्हा पन्नास वर्षांचे झाले होते आणि त्याची मूळ चौकट आता पक्की आहे, असाच समज होता. आजचा धागा त्या दोन पानांविषयी.

थोडे मागे जावे लागेल. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे गट दाखवून दिले. त्यांचे तंत्र आजही थक्क करावे इतके साधे आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्यात ए-विरोधी किंवा बी-विरोधी प्रतिपिंड असलेला रक्तद्रव मिसळायचा. ए-विरोधी द्रवाने गुठळ्या झाल्या तर रक्त 'ए', बी-विरोधी द्रवाने झाल्या तर 'बी', दोन्हींनी झाल्या तर 'एबी'. काहीच घडले नाही, तर 'ओ'. म्हणजे चारांपैकी तीन गट काहीतरी आढळल्यामुळे ओळखले जातात आणि चौथा काहीच न आढळल्यामुळे. पुढचा सारा घोळ याच ठिकाणी दडला होता.

(जाता जाता : भारतीय रक्तगटांची पहिली मोठी मोजणी भारतात झालीच नाही. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर हिर्श्फेल्ड दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले, त्यांत भारतीय शिपाईही होते. 'बी' गटाचे प्रमाण त्यांच्यात युरोपीयांपेक्षा बरेच अधिक निघाले. हे निष्कर्ष १९१९ साली प्रसिद्ध झाले, तेही 'लॅन्सेट'मध्येच.)

आता परळ. रुग्णालयात रक्ताची गरज असलेले दोन रुग्ण आले होते : एक रेल्वे-अपघातातला, दुसरा भोसकला गेलेला. काचपट्टीच्या परीक्षेत त्यांचे रक्त 'ओ' दिसत होते. मात्र दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्तद्रवाशी पडताळून पाहिले की गुठळ्या होत. 'ए', 'बी' रक्ताच्या झाल्या असत्या तर त्यात नवल नव्हते. येथे 'ओ' रक्ताच्याही होत होत्या. एकामागून एक दाते तपासले गेले, तरी जुळणारे रक्त मिळेना. अखेर याच प्रकारच्या रक्ताची तिसरी, धडधाकट व्यक्ती मुंबईतच सापडली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे या संशोधनात सहभागी झाले. त्या टिपणावर त्यांचीही नावे आहेत. 'ए' आणि 'बी' हेच प्रतिजनांचे सारे जग नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

उलगडा असा. लाल पेशीच्या पृष्ठभागावर आधी 'एच' नावाचा पाया घातला जातो. त्यासाठी फ्युकोज नावाची शर्करा जोडावी लागते. 'ए' आणि 'बी' ही त्या पायावर चढवलेली पुढची शर्करा. 'ओ' गटात नुसता पाया उरतो, म्हणून 'ओ' रक्तात 'एच' सर्वांत जास्त असते. परळच्या त्या रुग्णांत पायाच नव्हता. त्यांच्या शरीराला 'एच' परके होते आणि त्याविरुद्धचे प्रबळ प्रतिपिंड रक्तात तयार होते. ज्या रक्ताला 'सर्वांना चालणारे' म्हटले जाई, तेच त्यांच्या जिवावर उठू शकत होते. नुसत्या गटाच्या चिठ्ठीवर विसंबून बाटली लावली असती तर काय झाले असते, हे निराळे सांगायला नको. रक्तपेढ्या क्रॉस-मॅचचा आग्रह का धरतात, हे या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच कळते.

१९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांना अशीच एक स्त्री आढळली. तिच्याकडे 'बी'चे जनुक होते, पण 'बी' दिसत नव्हते. जनुक शाबूत असूनही दुसऱ्या एका जनुकामुळे ते दबलेले होते. आनुवंशशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण आजही दिले जाते. या प्रकाराला 'बॉम्बे' हे नाव लेव्हिन यांनीच दिले. शोधकर्त्यांऐवजी शहराचे नाव अजरामर झाले आणि भेंड्यांचे नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही क्वचित आठवते, ही खेदाची गोष्ट. १९९५ साली शहराचे नाव मुंबई झाले. रक्तगट बॉम्बेच राहिला.

यासाठी सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. त्यामुळे जेथे मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत आहे, अशा समाजांत हा गट तुलनेने जास्त आढळतो. १९७४ साली भाटिया आणि साठे यांनी मुंबईतील प्रमाण सुमारे ७,६०० जणांमागे एक असे मांडले. हेच भाटिया मुंबईच्या रक्तगट संदर्भ केंद्राची धुरा सांभाळत होते. ते केंद्र पुढे इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून वाढले. दुर्मिळ गट ओळखण्याची साधनेही दरम्यान सुधारली. गॉर्स या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क 'एच' असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतो. बॉम्बे गटाच्या पेशी त्यात सुट्याच राहतात.

उरला प्रश्न जनुकाचा. 'एच' घडवणारे एफयूटी-१ हे जनुक १९९० साली हाती आले. त्याची जागा १९व्या गुणसूत्रावर आहे. १९९७ साली कोडा आणि सहकाऱ्यांनी भारतीय बॉम्बे गटाच्या व्यक्तींचा डीएनए वाचला. एफयूटी-१ मध्ये एकच अक्षर बदललेले होते. शेजारचे एफयूटी-२ मात्र तुटून नाहीसे झाले होते. लाळेतले 'एच' याच दुसऱ्या जनुकामुळे तयार होते. भारतातील बॉम्बे गटाच्या माणसांच्या लाळेतही 'एच' का सापडत नाही, याचे कारण तेथे मिळाले.