तुळशीच्या माळेची कुळकथा

निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत ही मुंबई-आग्रा महामार्गावरची मोठी बाजारपेठ. टोमॅटो, कांदा, द्राक्षं. हंगामात इथे रोख पैसा खेळतो आणि पैशामागून व्यसनंही येतात. अशा गावात ‘अमक्याने माळ घातली’ एवढं कानावर आलं की पुढचं विचारावं लागत नाही. दारू सुटली, मटण सुटलं, एकादशी धरली, घरच्यांना त्यांचा माणूस परत मिळाला. तुळशीच्या लाकडाच्या १०८ मण्यांना एवढं वजन आलं कुठून?

माळेचं माहेर वैष्णव धर्मात आहे. तुळस विष्णूला प्रिय, म्हणून तिच्या काष्ठाची माळ धारण करण्याचं माहात्म्य पद्मपुराणाने आणि स्कंदपुराणाने गायलं. गुजरातेतल्या वैष्णवांची कंठी आणि बंगालातल्या गौडीय वैष्णवांची कंठी ही याच कुळातली भावंडं. मुसलमानांची तसबीह आणि ख्रिस्ती माणसाची जपमाळ नाम किंवा प्रार्थना मोजायला हातात असते. वारकऱ्याची माळ मात्र गळ्यात असते, अष्टौप्रहर. महाराष्ट्राने ती पंढरीच्या वारीशी जोडली आणि तिला नेमाचं रूप दिलं.

या नेमाचं मोल कळायला पिंपळगावाहून त्र्यंबकेश्वराकडे बघावं लागतं. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत काशीत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले आणि वाळीत पडले. परंपरा सांगते, मुलाबाळांना घेऊन ते त्र्यंबकला आले, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणा केल्या. तिथेच थोरल्या निवृत्तिनाथांना नाथपंथी गुरू गहिनीनाथ भेटले. पण शास्त्र्यांच्या धर्मसभेचं समाधान झालं नाही. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय सुटका नाही, असा निर्णय आला आणि विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनी तो शिरसावंद्य मानून जलसमाधी घेतली. तरीही पोरक्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं. देवाकडे परतायची वाट तेव्हा शास्त्र्यांच्या हातात होती, आणि या घराने तिची किंमत जिवाने मोजली.

त्याच घरातल्या पोरांनी ती वाट सर्वांसाठी मोकळी केली. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला आणि १२९७ मध्ये निवृत्तिनाथांनी त्र्यंबकला समाधी घेतली. तोवर नामाला सोवळंओवळं नाही, पश्चात्ताप झालेल्याला मध्यस्थ लागत नाही, ही शिकवण भागवत धर्मात रुजली होती. नामदेव आधी वाटमारी करत, एका विधवेचा आकांत ऐकून पालटले, ही कथा वारकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. इतिहासाच्या कसोटीवर ती टिको न टिको, संप्रदायाने ती आवडीने जपली हे महत्त्वाचं. वाट चुकलेला माणूसही संत होऊ शकतो, हे त्यांना सांगायचं होतं.

पुढे १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. वारकऱ्यांचे फड उभे राहिले आणि माळेबरोबरचे नेम पिढीजात झाले. आपल्या बाजूला गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या अखंड हरिनाम सप्ताहाने हे वळण गावोगाव नेलं.

माळ तयार होते पंढरपुरात. काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. वाळलेल्या तुळशीचं जून खोड घ्यायचं, साल काढायची, लहान तुकडे पाडायचे, चरकावर फिरवून मणी कातायचा, मधोमध बारीक भोक पाडून दोऱ्यात ओवायचा. नवा मणी पिवळट, हलका असतो. घामाने नि अंगाच्या तेलाने तो वर्षांगणिक काळसर, गुळगुळीत होत जातो. मुरलेला माळकरी त्याच्या माळेच्या रंगावरून ओळखू येतो.

घालण्याचा विधी साधा. फडाचे किंवा दिंडीचे महाराज माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, नेम सांगतात आणि गळ्यात घालतात. वर्षातून एकदा तरी वारी, एकादशीचा उपास, रोजचा हरिपाठ, मद्य-मांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान. दक्षिणेचा दर नाही, जातीचा प्रश्न नाही. निष्ठावंत वारकरी दोरा तुटला तर माळ पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्नाला शिवत नाही.

आणि नेमच तुटला तर? असं होतं. लग्नाच्या वरातीत, बाजार पडल्याच्या दुःखात माणूस घसरतो आणि माळ खुंटीला जाते. कुणी वर्षभर ती खाली काढत नाही, कुणी चार वर्षं. मग एखाद्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनानंतर, तोच माणूस मान खाली घालून पुढे येतो. त्याला महाराज माळ परत घालतात. नेम तेच, ज्ञानेश्वरी तीच.

याच महाराष्ट्रात जातपंचायती चुकलेल्याला दंड भरायला लावत, वाळीत टाकत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये अमलात आला, तेव्हा कुठे तो गुन्हा ठरला. वारकऱ्यांनी मात्र कितीतरी आधीपासूनच परतण्याला दंड ठेवला नव्हता. विठ्ठलपंतांना जे नाकारलं गेलं, ते आज पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेल्या कुठल्याही दिंडीत मिळतं. तुळशीच्या माळेचं खरं कुळ हेच आहे.

तेव्हा तुमच्या घरात, भावकीत कुणाची माळ खुंटीला असेल तर त्याला टोमणा मारू नका. पुढच्या सप्ताहाला त्याला सोबत घेऊन जा.